अंगठ्यापुरती जागा

अर्धस्वयंचलित बारा बोरच्या बंदुकीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो बार काढायला नव्हे, पुन्हा भरायला. चाप ओढला की पुढचं ती स्वतःच उरकते. रिकामं टरफल बाजूला फेकते, मॅगझिनमधलं पुढचं काडतूस उचलते, नळीत चढवते आणि बोल्ट मिटते. हे इतकं झटकन होतं की बघणाऱ्याला फक्त टरफल उडालेलं दिसतं. पण नळीखालच्या लांबट मॅगझिनमध्ये काडतुसं घालायची ती माणसानं, बंदुकीच्या पोटाखालच्या फटीतून, अंगठ्यानं रेटून. प्रॅक्टिकल शूटिंगच्या स्पर्धेत नेमबाज एका जागी उभा नसतो. तो धावत जागा बदलतो, आडोशाच्या खिडकीतून, दाराच्या फटीतून लोखंडी ताटल्या पाडतो, आणि घड्याळ चालूच असतं. तिथं निम्मी हारजीत या अंगठ्यापाशी येऊन ठेपते. तरबेज स्पर्धक छातीवरच्या किंवा कमरेच्या पट्ट्यातून चार काडतुसं एका मुठीत उपसतात, दोन ओळींत, प्रत्येक ओळीत एकामागे एक दोन. बंदूक उलटी करून खांद्याला टेकवली की भरायचं तोंड आभाळाकडे येतं. अंगठ्याच्या एका रेट्यात दोन काडतुसं आत, दुसऱ्या रेट्यात उरलेली दोन. दुकानातून आणलेल्या कोऱ्या बंदुकीत हे सहसा साधत नाही. तिचं तोंड अरुंद, कडा धारदार, आणि काडतूस वर उचलणारी आतली पट्टी अंगठ्याची कातडी सोलून काढणारी. म्हणून ते तोंड रुंद करून घेतात, कडा मोडून घेतात, मॅगझिनची नळी लांबवतात, बोल्ट ओढायची मूठ मोठी बसवतात. नेम धरण्याच्या भागाला त्या मानानं हात कमी लागतो. सुधारणा होते ती मुख्यतः दोन बारांमधल्या रिकाम्या वेळात.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या संदर्भात हा विषय काढणं अनेकांना चमत्कारिक वाटेल. ज्या गावाची ओळख नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी आणि श्रमदान या पंचसूत्रीनं झाली, त्याचा बारा बोरच्या बंदुकीतल्या फेरफाराशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो बंदुकीतून येत नाही, बंधनातून येतो. हातातल्या साधनानं जे शक्य आहे ते सगळं करायचं नाही, असं एखाद्या समूहानं आपणहून ठरवणं ही राळेगणची खरी करामत. कुऱ्हाड जंगल तोडू शकते, म्हणून ती तोडेल असं नाही. मध्ये गावाचा ठराव उभा राहतो. कुठलाही खेळ असाच ठराव असतो. प्रश्न इतकाच, की हा ठराव कुठं असावा आणि कशाच्या आधारानं. माझं म्हणणं असं, की स्पर्धेसाठी साधनात केलेला बदल मोजायची एकच कसोटी पुरते: त्या बदलानंतर माणसाच्या हाताचं काम शिल्लक राहतं की संपतं? शिल्लक राहत असेल, किंबहुना आणखी कसबाचं होत असेल, तर बदल खेळाचा आहे. संपत असेल, तर तो वेगळा खेळ आहे. त्याला वेगळा वर्ग द्यावा, नाहीतर दार दाखवावं.

प्रॅक्टिकल शूटिंगनं हे आपल्या परीनं ओळखलं, ही गोष्ट नोंदवायला हवी. १९७६ साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, कोलंबिया या गावी, आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग महासंघ स्थापन झाला आणि जेफ कूपर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकपणा, ताकद आणि वेग या तीन लॅटिन शब्दांचं ब्रीद त्यांनी घेतलं आणि गुणांची पद्धतही तशीच बेतली. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, जो आकडा येईल तो 'हिट फॅक्टर'. एकदा सेकंद भाजकात आले की बंदुकीवर कानस चालणार हे ठरलेलंच होतं. मग महासंघानं बदलांना बंदी घातली नाही, त्यांची वाटणी केली. शॉटगनमध्ये ओपन, मॉडिफाइड, स्टँडर्ड आणि स्टँडर्ड मॅन्युअल असे वर्ग आहेत. ओपनमध्ये काढता-घालता येणारं पेटीसारखं मॅगझिन, प्रकाशबिंदूची दुर्बीण, धक्का कमी करणारी नळीच्या तोंडावरची जोडणी, सगळं चालतं. स्टँडर्डमध्ये यातलं काही चालत नाही. तिथं नळीखालचं मॅगझिन आणि स्पर्धकाचा अंगठा. मॅन्युअलमध्ये तर बंदुकीनं स्वतः पुन्हा भरायचंही नाही, प्रत्येक बारानंतर हातानं ओढायचं. म्हणजे 'किती बदल चालेल' या प्रश्नाला एक उत्तर द्यायचं त्यांनी टाळलं आणि प्रत्येक उत्तराला एकेक रांग दिली. मला हे शहाणपण वाटतं. पण ते पुरेसं नाही, कारण कुठल्या रांगेत कसब जास्त, हे वाटणी सांगत नाही.

त्यासाठी थोडं मागं जावं लागतं. जॉन ब्राउनिंगनं १९०० सालच्या पेटंटावर जी स्वयंभरणाची शॉटगन उभी केली, आणि जी आधी बेल्जियममधल्या हेर्स्टालच्या कारखान्यातून बाहेर पडली व पुढे जवळजवळ शतकभर बनत राहिली, तिच्यात बार झाला की नळी आणि बोल्ट दोन्ही मिळून मागं सरकत. जो धक्का तोवर नेमबाजाचा खांदा नुसता सोसत होता, तोच धक्का ब्राउनिंगनं कामाला लावला. पुढे इटलीत ब्रुनो चिव्होलानी या अभियंत्यानं आणखी साधी युक्ती काढली आणि बेनेली कंपनीनं ती बाजारात आणली: बोल्टमध्ये एक दणकट स्प्रिंग, बंदूक मागं येते तेव्हा जडत्वानं जागीच राहू पाहणारा बोल्टचा जड भाग, आणि या दोघांच्या ओढाताणीतून सुटणारी शक्ती. या बंदुकीची एक खोड नेमबाजांना चांगली ठाऊक असते. तिच्यावर भलतंसं वजन चढवलं, किंवा ती खांद्याला नीट न लावता सैल धरून झाडली, तर ती अडखळते. टरफल अर्धवट बाहेर येऊन अडकून बसतं. म्हणजे ज्या यंत्राला आपण स्वयंचलित म्हणतो, ते चालायला माणसाचा खांदा लागतो. बाहेरून लावलेला प्रत्येक सुटा भाग, मग तो जाहिरातीत कितीही देखणा दिसो, बंदूक आणि शरीर यांच्यातला हिशेब बदलतो. दुर्बीण बसवली की नेम सोपा, पण वजन वाढलं. वजन वाढलं की धक्का कमी, पण वळवायला बंदूक जड. फुकट काहीच मिळत नाही. म्हणून चांगले बंदूक-कारागीर भाग जोडण्याआधी बंदूक खांद्याला लावून घ्यायला सांगतात.

आपल्याकडे या प्रकाराची स्पर्धा फारशी कुणाच्या पाहण्यात नाही. ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात ती नाही, आणि मराठी माणसाला नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आठवतात. म्हणून कसोटी त्या खेळाला लावून पाहू. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. अंतिम फेरीत त्याचे ४५१.४ गुण होते. टीव्हीवर पदक दिसलं, पण त्या खेळाचं मर्म दोन स्थितींच्या मधल्या मिनिटांत असतं. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही स्थितींत तीच रायफल वापरायची. पण गुडघ्यावर बसलेल्या माणसाची मान आणि उभ्या माणसाची मान एका जागी नसते. म्हणून नेमबाज स्थिती बदलताना रायफलही बदलतो. दस्त्याचा मागचा आकडा वरखाली होतो, गालाची पट्टी सरकते, पुढच्या हाताचा टेकू काढला किंवा लावला जातो, आणि अंतिम फेरीत हे सगळं मोजलेल्या वेळात. उभ्या स्थितीत तळहाताखाली टेकू चालतो, झोपून चालत नाही. रायफल ८ किलोच्या आत हवी. अंगातल्या जाकिटाच्या कापडाची जाडी २.५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, ते किती ताठ आहे हेही यंत्रावर तपासतात. नाहीतर जाकीटच माणसाला उभं धरेल आणि पाठीच्या स्नायूंना काम उरणार नाही. इथं हत्यार बदलायला मनाई नाही, ते बदलता येणं हाच कसबाचा भाग आहे. मनाई आहे ती शरीराचं काम कापडावर किंवा लोखंडावर ढकलण्याला.

शॉटगनच्या ऑलिम्पिक प्रकारांतही तेच. ट्रॅपमध्ये ११० मिलिमीटर व्यासाची मातीची तबकडी नेमबाजापासून १५ मीटरवरच्या खंदकातून उडते, आणि पात्रता फेरीत तिच्यावर दोन बार काढायची मुभा असते. नियमात अर्धस्वयंचलित बंदूक चालते, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. तरी वरच्या पातळीवर बहुतेक सगळे एकावर एक नळ्या असलेली दुनळीच वापरतात, कारण दोनच बार हवेत तर त्यासाठी दुनळीहून विश्वासू काही नाही. तिचा दस्ता मात्र ज्याच्या त्याच्या गालाप्रमाणे, मानेप्रमाणे, हाताच्या लांबीप्रमाणे घडवून घेतलेला असतो, अंशाअंशानं वाकवलेला, आणि त्यावर कुणाचाही आक्षेप नाही. आक्षेप आहे तो 'रिलीज ट्रिगर'वर. त्यात चाप ओढल्यावर बार होत नाही, सोडल्यावर होतो. बोट ओढताना बंदूक हलायची जी भीती असते, ती त्यानं टळते. तो बाद. नळीच्या तोंडावरची धक्का खाणारी जोडणी बाद. काडतुसातल्या छऱ्यांचं वजनही एकेकाळी आजच्यापेक्षा बरंच जास्त चालत असे. ते टप्प्याटप्प्यानं उतरवत २४ ग्रॅमवर आणलं. खेळानं स्वतःच्या हातातलं हत्यार मुद्दाम दुबळं केलं, आणि तरीही नेमबाज तबकड्या फोडतच राहिले. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये राज्यवर्धन सिंह राठोड यांचं रौप्यपदक याच, हलक्या केलेल्या काडतुसांच्या काळातलं.

आता प्रॅक्टिकल शॉटगनकडे वळून पाहिलं तर माझी कसोटी कुठं लागते ते दिसेल. भरायचं तोंड रुंद केल्यानं काम गेलं नाही, उलट नवं कसब जन्माला आलं. एका मुठीत चार काडतुसं नीट पकडणं, न बघता तोंड हुडकणं, धावता धावता नळीचं टोक सुरक्षित दिशेला ठेवून दोन जोड्या आत घालणं, हे महिनोन्‌महिने सराव करून येतं आणि दोन दिवस सोडलं की मंदावतं. त्या रुंद तोंडानं खेळ अवघडही केला आणि सुंदरही. याउलट पेटीसारखं मॅगझिन. रिकामं सोडून द्यायचं, भरलेलं लावायचं. काडतूस-काडतूस घालायचं काम घरी, आदल्या रात्री, टेबलावर उरकलेलं. त्यातही कसब आहे हे मान्य करायला हवं, कारण वेगानं मॅगझिन बदलताना ते वाकडं बसवणारे खूप असतात, आणि बारा बोरची काडतुसं पेटीत एकावर एक ठेवली की प्लॅस्टिकची अंगं दबून अडकतात ती वेगळीच डोकेदुखी. पण प्रमाण बघा. एका ठिकाणी खेळाचा निम्मा जीव अंगठ्यात, दुसऱ्या ठिकाणी तो दुकानाच्या पावतीत. ओपन वर्गाला स्वतःची रांग देऊन महासंघानं योग्य केलं. तिला सर्वोच्च वर्ग समजण्याची जी एक सवय प्रेक्षकांना लागते, ती मात्र चुकीची आहे. वेगाचा आकडा तिथं मोठा येतो, एवढंच.

याला पहिला आक्षेप येतो तो प्रगतीचा. साधन सुधारत जाणारच, कुणी तरी रेषा ओढून ते थांबवणार म्हणजे काळाला बांध घालणार, असं म्हणतात. हा आक्षेप खेळांच्या बाबतीत इतिहासानंच निकालात काढला आहे. २००९ साली रोममध्ये जलतरणाच्या विश्वस्पर्धेत अंगाला घट्ट बसणाऱ्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांत ४३ विश्वविक्रम मोडले गेले. पोशाख पोहणाऱ्याला पाण्यात वर धरत होता, आणि टाळ्या कुणासाठी वाजवायच्या हे कुणाला कळेना. २०१० च्या सुरुवातीपासून ते पोशाख बाद झाले. जलतरण संपलं नाही, उलट पोहणारा पुन्हा दिसायला लागला. बांध घातला म्हणून पाणी नाहीसं होत नाही, हे राळेगणच्या शिवारात तरी कुणाला पटवून द्यावं लागू नये. दुसरा, जरा बारीक आक्षेप असा की 'हाताचं काम' ही कसोटी मोजता येत नाही. आज अंगठ्याला काम म्हणाल, उद्या बंदुकीचं स्वयंभरणही बंद करा म्हणाल. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मॅन्युअलचा वेगळा वर्ग मला निरर्थक वाटत नाही. पण कसोटी गजानं मोजता येत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. जाकिटाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजण्याआधी कुणीतरी आधी म्हणालंच होतं, की कापडानं माणूस उभा राहता कामा नये. आकडा नंतर येतो, आधी निवाडा करावा लागतो.

या निवाड्याचं पारनेरच्या मातीतलं उदाहरण बैलगाड्याचं आहे. पारनेर, शिरूर, जुन्नर, खेड या पट्ट्यातल्या घाटात गाडे एकमेकांशेजारी धावत नाहीत. एकेक गाडा आपली बारी घेऊन घाट चढतो आणि घड्याळ सेकंद सांगतं. पुढे घोडी, तिच्यामागे जुकाट म्हणजे पुढची बैलजोडी, आणि गाडा म्हणजे दोन चाकं अन् जेमतेम सांगाडा. इथंही सेकंद आले म्हणून साधन बदलत गेलं. गाडा हलका केला, त्यात काही वावगं नव्हतं. बैलाचा खुराक, सराव, जोडीची निवड, हे तर खेळाचं हृदय. पण मग खिळे आले, चाबूक आले, बॅटरीचे शॉक आले, आणि खेळ बैलाच्या पायांतून निघून त्याच्या वेदनेत गेला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशा शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत घाट ओस पडले त्याचं खापर न्यायालयावर फोडलं गेलं. माझ्या मते ते फोडायचं असेल तर शॉकच्या बॅटरीवर फोडावं. गावांनी आपणहून रेषा ओढली असती तर ती दिल्लीतून ओढावी लागली नसती. 'विना लाठीकाठी' हे शब्द आज शर्यतीच्या फलकांवर अभिमानानं छापले जातात, ही माझ्या कसोटीला मिळालेली साक्षच समजतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप नैतिक आहे आणि राळेगणसारख्या गावातून तो येणं साहजिक आहे. बैल हा बैल आहे, पोहण्याचा पोशाख हा पोशाख. बंदूक मात्र मारायला जन्मलेली वस्तू. ती अधिक वेगानं भरावी यासाठी बुद्धी खर्च करणं हीच विकृती नव्हे का? हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. प्रॅक्टिकल शूटिंगचा जन्म झटापटीच्या प्रशिक्षणातून झाला हे खरं, आणि त्याची लाज त्या खेळालाही वाटलेली दिसते. त्याची कागदी लक्ष्यं आज डोकं नसलेल्या, आठकोनी आकाराची आहेत, माणसाची आकृती वाटू नये म्हणून. शिस्त तर इतकी कडक, की पंचानं सांगेपर्यंत बंदूक रिकामी, नळीचं टोक ठरलेल्या कोनाबाहेर वळलं किंवा भरताना बोट चापावर आढळलं की स्पर्धक त्याच क्षणी घरी. तरी एवढ्यानं आक्षेप मिटत नाही. त्याचं खरं उत्तर आपल्याच इतिहासात आहे, आणि गंमत म्हणजे ते गांधींच्या गोतावळ्यातलं आहे. भारताच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ साली ज्यांनी केली ते गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. मूळ घराणं रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. त्यांच्या नावाची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा आजही भरते. अहिंसेच्या चळवळीत घडलेल्या माणसानं रायफल संघटना काढावी यात मला विसंगती दिसत नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं हिंदी माणसाला निःशस्त्र केलं, याचा डंख गांधींनाही होता. मावळणकरांच्या पिढीला ठाऊक होतं की हत्यार न धरता येणं आणि हत्यार धरता येऊनही ते खाली ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राळेगणला घडवणारे अण्णा हजारे स्वतः लष्करातून गावी आले, हेही या जागी विसरायला नको.

पण नैतिक आक्षेपाचा एक तुकडा मी पूर्ण मान्य करतो, आणि तो कायद्याच्या अंगानं जातो. बंदुकीत केलेला बदल मैदानापुरता राहत नाही. सामना संपला तरी बदललेली बंदूक बदललेलीच राहते. म्हणून शस्त्र कायद्यानं रेषा खेळाच्या नियमांहून वेगळ्या ठिकाणी ओढली आहे. १९५९ च्या कायद्यात परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करायला मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं एका वर्गातलं शस्त्र दुसऱ्या वर्गात नेण्यालाही तीच मनाई लागू केली. बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. शस्त्रनियमांच्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित बंदुका, तसंच २० इंचांहून आखूड नळीची गुळगुळीत बंदूक, या पहिल्या म्हणजे कडक वर्गात मोडतात. शेतकऱ्याला पीकसंरक्षणासाठी जो परवाना मिळतो तो एकनळी, दुनळी किंवा ठासणीच्या बंदुकीचा. कोकणात अशी हजारो हत्यारं निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतात आणि रानडुकरं तेवढे दिवस सुखात असतात. या सगळ्यात नळीच्या लांबीवर कायद्याचं लक्ष जे खिळलंय ते योग्यच आहे. आखूड नळी कपड्याआड लपते. खेळात तिचा उपयोग शून्य, गुन्ह्यात मात्र मोठा. माझी कसोटी इथंही चालते, फक्त उलट बाजूनं: ज्या बदलानं नेमबाजाचं कसब वाढत नाही पण लपवणं सोपं होतं, त्याला कुठलीच रांग नको.

कायदा चुकतो तो दुसऱ्या टोकाला. लपवणं सोपं करणारा बदल आणि गालाला दस्ता जुळवणारा बदल यांत त्याच्या लेखी फार फरक नाही. दोन्हीकडे तो संशयानंच बघतो. परिणामी बंदूक-कारागिरीचा धंदा आपल्याकडे उतरणीला लागला. महाराष्ट्रात दारूगोळ्याचे कारखाने आहेत. पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना बारा बोरची काडतुसंही बनवतो. वरणगाव, अंबाझरी ही नावं लष्करी उत्पादनात मोठी. खुद्द अहिल्यानगरला चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आणि लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे. लोखंड मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत घासू शकणारे हात इथं आहेत, पण दुनळीचा दस्ता वाकवून घ्यायचा तर वरच्या पातळीचा नेमबाज अजूनही इटलीकडे किंवा जर्मनीकडे बघतो. राष्ट्रीय संघटनेच्या देखरेखीखाली, परवानाधारक कारागिरांकडून, लेखी नोंद ठेवून दस्ता, गालपट्टी, चापाचं वजन असे ठरावीक बदल करू देणारी सोपी तरतूद झाली, तर कायद्याची नळीवरची नजर जराही ढळणार नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. बदलाची मुभा दिली की ज्याच्याकडे पैसा त्याची बंदूक चांगली, हे होणारच. कांबळवाडीचा मुलगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून आणि मग रेल्वेच्या नोकरीच्या आधारानं वर आला. तो आधार नसता तर त्याच्या हाती ती रायफल येणं कठीण होतं. बैलगाड्यातही लाखांचे बैल आहेतच. तरी एक फरक हिशेबात धरायला हवा. पैसा बंदूक विकत घेतो, मॅगझिन विकत घेतो, दुर्बीण विकत घेतो. चार काडतुसं दोन रेट्यांत आत घालणारा अंगठा त्याला विकत मिळत नाही. म्हणून खेळाचे नियम करणाऱ्यांनी कुठल्या बदलाला मुभा द्यायची हे ठरवताना जिथं पैसा कमी आणि सराव जास्त लागतो अशा वर्गाला पुढं आणावं, बक्षिसं आणि प्रसिद्धी तिकडं वळवावी. स्टँडर्ड वर्गाचा विजेता शेवटच्या दिवशी सर्वांत शेवटी, म्हणजे सर्वांत जास्त प्रेक्षकांसमोर उतरवला, तर ओपनमधले अनेक जण पेटी खाली ठेवून पुन्हा अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळायला लागतील.